हिरव्या साडीवरचा लाल टाका

आश्रमशाळा, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला
३ ऑक्टोबर २०२४

चि. चारूस,
मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेला असं शिपाई सांगत होता. इथे शाळेमागच्या टेकडीवर चढून उभं राहिलं की आवाज येतो, तोही अर्धा. तेव्हा आपली जुनी पत्रांची वाटच बरी. तू होस्टेलला होतीस तेव्हा लिहायचो. आता तू एका पोराची आई झालीस तरी माझं अक्षर काही सुधारलेलं नाही.

काम असं आहे. नंदुरबारच्या एका संस्थेने आश्रमशाळांसाठी फोटोंची स्पर्धा काढली आहे. विषय आहे 'घरातल्या वस्तू आणि पूरक रंग'. एका शाळेने एकच फोटो पाठवायचा, तो सव्वीस जानेवारीला प्रदर्शनात लागणार. गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा म्हातारा या पट्ट्यात मीच, म्हणून मुख्याध्यापकांनी निवडीचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि मीही 'हो' म्हणून बसलो. हात दाखवून अवलक्षण!

तुला माहीतच आहे, मी आयुष्यभर काळे-पांढरे फोटो काढले. रंग म्हणजे बाजारातला गलका. फोटो म्हणजे ऊन आणि सावली. पण पोरांना हे सांगून भागणार नाही. तू तो फोटोग्राफीचा वर्ग करतेस ना? पूरक रंग म्हणजे काय ते वर्गात वाचून दाखवता येईल असं लिहून पाठव. नमुन्याला तुझे दोन-चार फोटोही पाठव, पण कागदावर छापून.

तुझ्या आईला, सिंधूताईला, नमस्कार. कुंदनला माझ्याकडून एक खाऊ.

तुझा
हेमकांत मामा


नंदुरबार
१० ऑक्टोबर २०२४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

रंगांच्या बाबतीत तुम्ही मला विचारताय, हे वाचून मी पत्र आईलाही दाखवलं. ती म्हणाली, "हेमू आते सुधरी ऱ्हायना." म्हणजे तुम्ही आता कुठे सुधारताय म्हणे! माझ्या लग्नाचे फोटोसुद्धा तुम्ही काळे-पांढरे काढले होते, ते ती अजून विसरलेली नाही. शालू कोणत्या रंगाचा होता ते आता कुणालाही सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं.

मुलांना असं सांगा. रंगांचं एक चक्र काढा. त्यात जे रंग समोरासमोर बसतात ते पूरक. लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. जवळ ठेवले की दोन्ही जास्त उठून दिसतात. लग्नात दोन विहिणी समोरासमोर बसल्या की दोघींचेही पदर चमकायला लागतात, तसं.

यासाठी काही विकत आणावं लागत नाही. मी हळदीच्या परातीत वांगं ठेवून फोटो काढला. निळ्या बादलीत संत्र्याची सालं टाकली. आणि मिरचीच्या पथारीवर गेले. तिथे मैलभर लालच लाल वाळत पडलेलं, त्यात एक बाई हिरवा पदर डोक्यावर घेऊन मिरची पसरत होती. वर्गात सगळ्यांना तोच फोटो आवडला. तिन्ही पाठवतेय.

संस्थेत माझी मैत्रीण चेतना आहे. प्रदर्शनाची मांडणी आम्ही दोघी करणार आहोत. मुलांच्या फोटोंचं मेमरी कार्ड मला पाठवा, मी इथून छापून देते.

कुंदन बरा आहे, पण चित्रकलेत त्याचं लक्ष नाही. झाडाची पानं तांबडी रंगवतो आणि विचारलं की गप्प बसतो. बाईंनी वहीत शेरा दिला. परवा मी कान पिळला तेव्हा कुठे पानं हिरवी झाली. त्याला खडूची पेटीही रंगाचं नाव छापलेलीच लागते, आणि खडूवरचा कागद कुणी फाडला तर भोकाड पसरतो. कुणावर गेलाय कोण जाणे.

तुमची
चारू


आश्रमशाळा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. चारू,

तुझं चक्र फळ्यावर काढलं. विहिणींवर पोरं खूप हसली. वांग्याचा फोटो उत्तम, निळी बादलीही छान. पथारीचा मात्र मला सपाट वाटला. बाई त्यात हरवून गेली आहे. वर्गात सगळ्यांना आवडला म्हणून तो चांगला ठरत नाही, बरं का.

दिवाळीच्या सुट्टीत ज्यांच्या घरी मोबाइल आहे त्यांनी त्यावर फोटो काढले, बाकीच्यांना शाळेचा कॅमेरा पाळीपाळीने दिला. कार्ड सोबत आहे. प्रत्येकाचा एकेक फोटो छापून पाठव.

हेमकांत मामा


नंदुरबार
१८ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

फोटो सोबत पाठवले आहेत. पोरांनी कमाल केली आहे. परीक्षक तुम्ही, म्हणून मी काही बोलणार नाही. एवढंच सांगते की त्यातल्या एका फोटोने मला छापखान्यातच खिळवून ठेवलं. तो कोणता हे तुम्हाला सांगायची गरज पडणार नाही.

चारू


आश्रमशाळा
२६ नोव्हेंबर २०२४

चि. चारू,

निवड झाली. नववीतल्या राजेंद्रचा, बाजारातल्या दुकानदाराच्या पोराचा, फोटो पाठवतोय: निळं पिंप आणि त्यावर झेंडूची माळ. रंग कसे ठसठशीत! तुला खिळवून ठेवलं ते यानेच ना? माझी नजर म्हातारी झाली तरी चुकत नाही.

बाकीचे फोटोही परत पाठवतोय, मागे शेरे लिहून. पोरांना वर्गात एकेक फोटो दाखवला आणि त्यात काय जमलं, काय नाही, ते सांगितलं. स्तुती करून कुणी शिकत नाही. आशा म्हणून एक मुलगी आहे, तीही नववीतच. एरवी हुशार, पण तिने काय करावं? दोरीवर वाळत घातलेली आईची साडी, बस्स! फोटोभर नुसतं कापड. मी वर्गाला विचारलं, "यात कुणाला काही दिसतंय का? मला तर काहीच दिसत नाही. घरातलं काहीही टिपलं म्हणजे फोटो होत नाही." वर्ग हसला. ती काही तरी सांगायला उठली होती, पण मी बसवली. नंतर जेवायलाही आली नाही म्हणतात. नाकाला मिरची झोंबली असेल. झोंबू दे, पुढच्या वेळी विषय शोधून आणेल.

कळव, राजेंद्रचा फोटो दर्शनी भिंतीवर लागेल ना?

हेमकांत मामा


नंदुरबार
२ डिसेंबर २०२४

मामा,

नमस्कार लिहायला हात होत नाही, रागावू नका.

मला खिळवून ठेवलेला फोटो आशाचा होता. तुम्ही तिच्या फोटोमागे लिहिलंय, "विषय कुठे आहे? कापड दाखवू नये." विषय अख्ख्या फोटोभर पसरलाय, मामा! गर्द हिरवी साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलीय आणि कुणी तरी ती लालभडक दोऱ्याने शिवलीय. टाके वाकडेतिकडे जात जात वर चढतात. आमच्या वर्गात महागडे कॅमेरे घेऊन बसलेल्या एकालाही पूरक रंग असे सापडले नाहीत. आणि तुम्ही विचारता, काही दिसतंय का?

न दिसायला काय झालं? दिसलं तुम्हाला सगळं. फाटकी साडी दिसली. डोंगरातल्या घरातलं फाटकं लुगडं आपल्या शाळेच्या नावाने नंदुरबारला भिंतीवर लागणार, याची तुम्हाला लाज वाटली. राजेंद्रचा बाप दुकानदार, त्याचं नवं कोरं पिंप आणि दिवाळीची माळ बरी दिसते. आपण तापीकाठचे पाटील, आपल्या घरात या लोकांविषयी काय काय बोललं जातं ते ऐकतच मी वाढले. मला वाटायचं, मामा तसे नाहीत. तीस वर्षं त्या पोरांत राहिलेला माणूस तसा कसा असेल? तुम्ही तर आईच्या साडीवरून त्या पोरीवर अख्ख्या वर्गाला हसवलंत.

मला तुमची भाची म्हणवून घ्यायची लाज वाटली, मामा. हे मी पहिल्यांदा लिहितेय आणि लिहिताना रडतेय.

चारुलता


आश्रमशाळा
८ डिसेंबर २०२४

चि. चारुलता,

पत्र मिळालं. तू म्हणतेस तसं असेल. जुन्या घरातला माणूस आहे, जुनं वळण सुटत नाही.

तुला कळावं म्हणून लिहितो. आशाचे वडील फुलसिंग शनिवारी आले आणि तिची पेटी घेऊन गेले. त्यांची टोळी या वर्षी उशिरा, पंधरवड्याने, गुजरातेत ऊसतोडीला निघणार आहे. पोरगीही बरोबर जाणार. मी कारण विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, "इथे काय करू, सर?"

हेमकांत


नंदुरबार
१३ डिसेंबर २०२४

ती. मामा,

नमस्कार. मी फार चुकले आहे असं वाटतंय, पण खात्री नाही, म्हणून विचारतेय.

तुमचा शेरा चेतनाला दाखवायचा म्हणून मी आशाच्या फोटोची पुढून-मागून झेरॉक्स काढली. होय, तुमची तक्रार करायला निघाले होते मी. दुकानदाराने कागद हातात दिला आणि मी म्हटलं, हा चुकीचा फोटो आलाय. लाल दोरा नव्हताच त्यात. नुसती राखाडी साडी, दोरीवर. मूळ फोटो शेजारी धरून परत परत बघितलं. लाल आणि हिरवा सारखेच गडद, म्हणून काळ्या शाईत दोन्ही एक होऊन गेले. दुकानात उभ्या उभ्या मलाच तुमच्यासारखं विचारावंसं वाटलं, यात काय आहे?

घरी येऊन आईजवळ बसले. मामा लहानपणी कसे होते म्हणून विचारलं. ती हसायला लागली. म्हणाली, "हेमूले मिरची तोडाले कोणी धाडेच नही. तो पिकेल संगे हिरवीबी तोडी लई येस. बाबा त्याले भलता मारे, कामचोर शे म्हणे."

मामा, पथारीवरची बाई तुम्हाला हरवलेली का वाटली? माझा शालू कोणत्या रंगाचा होता? तुम्ही रंग टाळता, की ते तुम्हाला दिसतच नाहीत?

चारू


आश्रमशाळा
२२ डिसेंबर २०२४

चि. चारू,

तुझ्या शालूचा रंग मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हता.

पिवळा दिसतो. निळाही दिसतो. लाल आणि हिरवा मात्र मला एकाच मातकट रंगाचे दिसतात. उजेडात थोडा फरक वाटतो, तो पण अंदाजाचा. पिकलेली मिरची मी बोटाने दाबून ओळखायचो आणि निम्म्या वेळा चुकायचो. बाबांनी त्याच मिरच्या एकदा माझ्या डोळ्यांसमोर धरल्या आणि कान पिळत विचारलं, "दिसत नही का तुले?" मी म्हटलं, दिसतं. दिसत नाही म्हणालो असतो तर आंधळा म्हणून हसले असते. त्यापेक्षा कामचोर बरा. झाकली मूठ तेव्हापासून झाकलेलीच आहे.

काळ्या-पांढऱ्या फोटोचं सोंग छान वठलं. लोक म्हणायचे, केवढी अभिरुची! तुझ्या मामीलाही कधी सांगितलं नाही. अनुसया नवी साडी नेसून समोर उभी राहायची आणि मी "छान" म्हणून पेपर उघडायचो. ती गेली तोवर तिला हेच वाटत होतं की माझं तिच्याकडे लक्ष नाही.

तुझ्या दोन तारखेच्या पत्राने मला दोनच वाटा ठेवल्या होत्या. एक तर डोंगरातल्या माणसांना कमी लेखणारा पाटील ठरायचं, नाही तर रंग न दिसणारा परीक्षक. मी पहिली वाट धरली, चारू. मला ती सोपी वाटली, याचीच आता सर्वांत जास्त लाज वाटते. तू पुढचं पत्र पाठवलं नसतंस तर पोरगी उसात गेली असती आणि मी गप्प बसलो असतो.

पत्र मिळालं त्याच दिवशी तिच्या पाड्यावर गेलो. टोळीचं सामान अंगणात बांधून पडलं होतं. फुलसिंगने खाट टाकली. कालीबाई, म्हणजे आशाची आई, दाराआड उभी राहिली. मी आशाला म्हटलं, "तुझ्या फोटोत लाल दोरा आहे, तो मला दिसला नाही. मला लाल-हिरवा कळत नाही." तिचा विश्वास बसेना. तिने गाठोडं सोडलं, साडी काढून माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "दाखवा, कुठे आहे?" मी शोधत राहिलो. शेवटी तिने माझं बोट धरून शिवणीवर ठेवलं. बोटाला टाके लागले. डोळ्यांना तेव्हाही नाही.

मग तिने सांगितलं. बाजारात हिरवा दोरा मिळाला नव्हता, म्हणून आईने लाल दोऱ्याने शिवलं, आणि त्या लाजेने ती साडी नेसून कुठे जायची नाही. मी वर्गात पूरक रंग शिकवले तेव्हा आशाला वाटलं, आईला सांगावं, हे रंग समोरासमोरचे आहेत, हे छान दिसतात. फोटो त्यासाठी होता. आणि मी तिला खाली बसवलं.

फुलसिंग त्यांच्या बोलीत काही तरी बोलला आणि कालीबाई तोंडाला पदर लावून हसली. मी आशाकडे बघितलं. ती म्हणाली, "मी घरी येऊन सांगितलं होतं, सरांना यात काहीच दिसलं नाही म्हणून. आई म्हणाली, एवढ्या शिकलेल्या माणसाला टाका दिसत नाही, म्हणजे कुणालाच दिसत नसणार. परवा तीच साडी नेसून ती मोलगीच्या बाजाराला जाऊन आली." मला हसावं की जमिनीत शिरावं कळेना.

मी म्हटलं, "शाळेत चल." ती म्हणाली, "हसले तेव्हा सगळे होते, सर. हे सांगाल तेव्हाही सगळे पाहिजेत."

सोमवारी सगळ्या शाळेसमोर, परिपाठ संपल्यावर, सांगितलं. चारच वाक्यं होती. कुणी तरी खालून वही वर धरून ओरडलं, "सर, हा कोणता रंग?" आणि सगळे हसले. आशाच्या वेळी हसले होते त्यापेक्षा जास्त. मास्तरांपैकीही दोघे हसले. मी उभा राहिलो. फुलसिंग पेटी घेऊन फाटकाशी उभा होता. आशा त्याच्या शेजारी होती. ती हसली नाही. तिने बापाच्या हातातून पेटी घेतली आणि मुलींच्या खोल्यांकडे गेली.

टोळी काल गेली. तिच्याशिवाय.

राजेंद्रचा फोटोच प्रदर्शनात जाईल. त्या पोराला एकदा सांगितलेलं काढून घेणं बरं नव्हे, असं आशाच म्हणाली. मला ते पटलेलं नाही, पण आता पटवून घ्यायची पाळी माझी आहे. तिच्या फोटोची एक मोठी प्रत छापून पाठव. मागचा माझा शेरा मात्र येऊ देऊ नकोस.

तुझा
हेमकांत मामा


नंदुरबार
२ जानेवारी २०२५

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मोठी प्रत सोबत पाठवते आहे. पहिल्यांदा तुमची क्षमा मागते. जे तुमच्याविषयी लिहिलं ते लिहिण्याआधी एकदा विचारायला हवं होतं. मी राजेंद्रच्या बापाचं दुकानही मध्ये आणलं, त्या पोराचा काय दोष होता?

पण क्षमा मागायला बसले आणि तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचताना कानापाशी थांबले. बाबांनी तुमचा कान पिळला, तिथे.

मामा, मी ऑक्टोबरात तुम्हाला काय लिहिलं होतं आठवतंय? तांबडी पानं. नाव छापलेलीच खडूची पेटी. मागच्या आठवड्यात तर मी कहर केला. "कागद वाचून रंगवतोस की रंग बघून?" असं ओरडत सगळ्या खडूंचे कागद सोलून टाकले. तो रडला, मग चित्र काढायचंच सोडलं. मी म्हटलं, हट्ट आहे, उतरेल.

चार दिवसांपूर्वी त्याच्याजवळ बसले. एक लाल आणि एक हिरवा, दोन उघडे खडू त्याच्यापुढे ठेवले आणि हळूच विचारलं, "यातला हिरवा कोणता रे?" त्याने खडूंकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत एका खडूवर बोट ठेवलं, माझा चेहरा बघितला आणि पटकन बोट दुसऱ्यावर नेलं. सात वर्षांचं पोर, मामा! रंग दिसत नाही म्हणून आईचं तोंड वाचायला शिकलंय. मी रंगांचे वर्ग करते, लोकांचे दोष दाखवते, आणि हे माझ्या घरात, माझ्या मांडीवर होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. कुंदनला त्यातले आकडे दिसले नाहीत. हे आईच्या घराकडून मुलाकडे येतं, घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. आई बाजूला बसली होती, ती एकदम रडायला लागली. "मन्हा भाऊले आम्ही कामचोर म्हणत ऱ्हायनूत," एवढंच म्हणत होती.

आता सगळ्या खडूंना कागदाच्या पट्ट्या डकवून नावं लिहिली आहेत. पण तो मी जवळ असले की पेटी उघडत नाही. तुम्ही या मामा, कॅमेरा घेऊन या. माझ्यापेक्षा तुमच्याकडून ऐकलं तर त्याला बरं वाटेल. काल रात्री झोपवताना मी सांगितलं की मामाआजोबांनाही अगदी तुझ्यासारखंच दिसतं. तो उठून बसला. स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाला, "मग त्यांचाही कान त्यांच्या आईनेच पिळला होता का?"

लवकर या.

तुमची
चारू